नगीनभाईंची काळी खिडकी

"पोरी, काय करी टाकं तू? कालदिन तं चालत व्हतं!"

नगीनभाई स्क्रीनकडे बोट दाखवत होते. शहाद्यातल्या त्यांच्या केळीच्या ऑफिसात मी कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटरचं काम बघते. उद्या कोणाच्या बागेत कटाई आहे, याचे मेसेज रोज संध्याकाळी शेतकऱ्यांना आणि मजुरांच्या टोळीला जातात. ते गेले नाहीत, तर सकाळी ट्रक बांधावर रिकामा उभा.

मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम पायथन या भाषेत आहे. जुन्या व्हर्जनवर तो बंद पडणार होता, म्हणून दुपारी मी नवीन टाकलं. दोन्हींचा घोळ नको म्हणून जुनं काढलं. माझ्या मोबाईलवर एक मेसेज पाठवून पाहिला. आला. आता भाईंकडे मात्र 'फाईल सापडत नाही', आणि पत्ता जुन्याच फोल्डरचा.

कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. भाईंना तिथलं एवढंच येतं: वरचा बाण दाबला की आधीची कमांड येते, मग एंटर. ती हरवेल या भीतीने ते खिडकी बंदच करत नाहीत. त्यासाठी इन्व्हर्टर घेतलाय. मी माझी वेगळी खिडकी उघडते; दुपारचा मेसेज तिथूनच गेला होता.

भाईंच्या खिडकीत मी 'which' कमांडने पायथन कुठे आहे ते विचारलं. उत्तर आलं, नव्या फोल्डरमध्ये. बाणाने भाईंची कमांड आणून एंटर दाबलं, तर परत जुन्याच जागी शोध. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, फोन करून विचारावं असं कोणी नाही.

"तुन्हा खिडकीमा चालस, मन्हीमा का नही?" भाई चिडले.

प्रश्न बरोबर होता. माझी खिडकी नवी होती, त्यांची कित्येक दिवसांपासून उघडी. कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. मी 'type' लिहून खुद्द शेललाच विचारलं. तो जुना पत्ता लक्षात धरून बसला होता. एकदा सापडलेली कमांड तो पुन्हा शोधत नाही, आठवणीतल्या जागीच जातो. 'which' मात्र दर वेळी नव्याने शोधते.

भाईंना सांगितलं, "धडगावची जीप उभी राहते तो कोपरा बदलला, तरी आमचे बाबा आधी जुन्याच कोपऱ्यावर जातात. तसं झालंय."

"मंग जीप कशी भेटस त्यासले?"

"कोणी सांगितलं की भेटते."

मी 'hash -r' टाइप केलं. म्हणजे लक्षात ठेवलेले पत्ते विसर. मग म्हटलं, "भाई, आता तुम्ही दाबा."

त्यांनी बाण दाबला आणि हात मागे घेतला. "हाई मन्हं नही!"

"ते माझं. अजून वर जा."

त्यांची कमांड आली. एंटर. थोड्या वेळाने त्यांच्याच खिशात मोबाईल वाजला. उद्या पहिली कटाई त्यांच्याच बागेत होती. भाईंनी मेसेज दोनदा वाचला आणि टोळीच्या मुकादमाला फोन लावला. त्यालाही मिळाला होता.

तेव्हापासून नवीन व्हर्जन टाकलं की मी आधी भाईंच्या खिडकीत चालवून बघते. माझ्या खिडकीत चाललं, याने ट्रक भरत नाही.