बतुकम्माभोवतीचे पाच धांडे

दूध उतू जायला लागलं की नरसाबाईंच्या तोंडून तेलुगू निघतं. एरवी सगळा कारभार वऱ्हाडीत. आईवडील कापसाच्या शेतीसाठी पैनगंगा ओलांडून केळापूरला आले, तेव्हा त्या चार-पाच वर्षांच्या होत्या. पुढे आडनावाला ‘वार’ लागलं, मुलं मराठी शाळेत शिकली, पुसदची उज्ज्वला सून होऊन आली. आता तीही चटणीला पच्चडीच म्हणते. तो शब्द नदीपलीकडचा आहे हे तिच्या ध्यानातही नसतं.

एक गोष्ट मात्र नरसाबाईंनी जिवापाड जपली. नवरात्रात फुलांची उतरंड रचून अंगणात मांडायची, ती बतुकम्मा. अगदी आईसारखी.

यंदा मामेभावाची सून पद्मा आदिलाबादकडून पहिल्यांदाच येणार होती. तिकडच्या माणसांनी बघावं, आपण काही विसरलो नाही, एवढंच नरसाबाईंच्या मनात होतं. तरवडाची पिवळी फुलं मिळाली, सोयाबीनच्या धुऱ्यावरचा कुर्डूही मिळाला. अडलं ते ज्वारीच्या धांड्यांपाशी. ज्वारी पेरतो कोण आता? दोन दिवस फिरून त्यांनी उकंडा नावाच्या शेतकऱ्याच्या वावरातून कणसांसकट पाच धांडे मिळवले आणि बतुकम्माभोवती मखर उभारलं.

पद्मा आली. तिकडे मराठी घरोघरी कळतं, त्यामुळे बोलायची अडचण नव्हती. सासूला दाखवायला तिनं मोबाइल काढला आणि थबकली.

“अम्मा, हे धांडे कशाला?”

“कशाले म्हंजे? आपली रीतच हाय ते.”

“आमच्याकडे नसतात.”

नरसाबाईंनी सुनेकडे पाहिलं. उज्ज्वला फुलांची परडी उगाच नीट करत बसली.

“तुले माहीत होतं?”

“पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, आत्याबाई. इकडच्या पोरींच्या भुलाबाईचं मखर हाय हे. पुसदले आम्ही दरसाल कोजागिरीले करत होतो. पन तुम्ही इतक्या जिवानं उभं करता, कायले बोलू?”

“बारा वर्सं चूप बसली! मीठ कमी पडलं तं लगेच सांगते!”

पद्मा फिसकन हसली. नरसाबाई काही हसल्या नाहीत. त्या ओट्यावर टेकल्या. आणि मग हळूहळू आठवलं. पहिली एक-दोन वर्षं आई एकटीच बतुकम्माभोवती टाळ्या वाजवत फिरायची. गल्लीतल्या बायका कुंपणावरून बघायच्या. मग एका संध्याकाळी शेजारच्या विमलताई आपल्या भुलाबाईसाठी आणलेले धांडे घेऊन आत आल्या, स्वतःच्या हातानं मखर बांधलं आणि म्हणाल्या, “आता कर सुरू.” त्यांच्या मागून सगळ्या पोरी आल्या. त्यानंतर आई कधी एकटी फिरली नाही.

“अम्मा, अत्तम्मा विचारतील,” पद्मा हळूच म्हणाली. “फोटोपुरते बाजूला करू?”

“नको.” नरसाबाई उठल्या. “सासूले सांग, केळापूरची बतुकम्मा अशीच असते. कोनं बांधून देल्लं तेबी सांगतो मी तिले, लाव फोन.”

फोन लागेपर्यंत त्यांनी वाऱ्यानं कललेला एक धांडा सरळ केला आणि त्याची गाठ पुन्हा आवळली. गल्लीतल्या बायका तोवर फाटकातून आत येऊ लागल्या होत्या.