चाचाची सुतळी

२०१८ साली मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि मुंबईत भाड्याची खोली शोधत फिरत होतो. बरोबर असायचा आमच्या शेजारच्या चौक गावचा टेंपोवाला चाचा. लोकांची बिऱ्हाडं हलवण्यात त्याची हयात गेलेली, त्यामुळे कुठली खोली रिकामी होणार ते एजंटाच्या आधी त्याला कळायचं. खोलीत शिरला की तो खिशातून सुतळी काढायचा. मोजपट्टी होती त्याच्याकडे, पण आकडे वाचण्यात आम्ही दोघंही सारखेच कच्चे.

सुतळीला दोन गाठी होत्या. त्यांच्यामधली लांबी म्हणजे गावी, लोधिवलीच्या घरातली आमची खाट. माझी बायको पार्वती पाठीनं अधू झाली होती, जमिनीवरून तिला उठता येत नव्हतं. डॉक्टरांनी सव्वा महिना रोज शेक घ्यायला सांगितला होता. गावाहून रोज बसून जाणं तिला झेपणार नव्हतं. दवाखान्याजवळ खोली मिळाली तरच उपचार होणार होता.

चाचा पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "खाट टेंपोत टाकतो. वैनीला रोज नेतो-आनतो." मी म्हटलं, माझी बायको म्हणजे सामान नाय. नातेवाइकांच्या दारातही मी जाणार नव्हतो. मग फिरा जिने.

एका खोलीत खाट मावली तर दार उघडेना. दुसरीत सगळं बसलं, पण भाडं ऐकून मी तसाच खाली आलो. घासाघीस मला जमत नाही. चाचा म्हणायचा, "तुजी मान जरा वाकती का बघ रं, दारं बुटकी हायेत इथं."

महिन्याभरानं एक खोली सापडली. तळमजला, दवाखाना समोर, भाडं आवाक्यात. चाचानं सुतळी माझ्या हातात दिली आणि तो टेंपोतच बसला. म्हणाला, "माजं नाव काडू नको. आडनाव इचारतात इथं."

खाट बरोब्बर बसली. मालक चावी काढता काढता सहज बोलला, टेंपोत कोण आहे? मी म्हटलं, माझा भाऊ. नाव? मी चाचाचं खरं नाव सांगितलं, इब्राहिम, तेही छाती पुढे काढून. चावी परत खिशात गेली. खोली पुतण्याला द्यायची आहे, हे त्याला तेव्हाच आठवलं.

मला वाटलं, चाचा खूश होईल. पनवेलजवळ त्यानं टेंपो बाजूला घेतला. मग म्हणाला, "अपमान माजा होता. मी गिळला असता, सवय हाय. तुज्या ताठ्यात वैनीची खोली गेली." लोधिवलीला मला उतरवून, चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

पार्वतीनं त्या वर्षीची दिवाळी बघितली नाही. चाचा करोनात गेला. मला असं तोंडावर बोलणारं आता कोणी उरलं नाही.

खोली हातची गेली त्या दिवशी घरात शिरलो तेव्हा पार्वतीनं विचारलं, "मिळाली का वो खोली?" मी म्हटलं, भिंतींना ओल आहे. ती म्हणाली, "बरं झालं, नाय घेतली ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो दारात उभा. चाचा मागच्या हौद्यात वाकून सुतळी लावत होता. "बसती खाट," तो म्हणाला. "तू पुडं बस, आणि तोंड उघडू नको."

मी आत गेलो आणि खाटेची डोक्याकडची बाजू उचलली.