सतरा नंबर

आमचं खेळघर एका बंद पडलेल्या डाईंगच्या शेडमध्ये भरायचं. सोलापूरच्या पूर्व भागात अशा शेड गल्लोगल्ली सापडतात. इथं पूर्वी टॉवेलांचं सूत रंगवायचे. मालकाने धंदा गुंडाळला आणि गणपतीनंतर जागा आमच्या संस्थेला भाड्याने दिली. भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत गुलाबी-निळे डाग होते. दोनदा चुना मारला तरी महिन्याभरात ते परत वर आले.

शाळा सुटली की पाच वाजता मुलं यायची आणि साडेसातला आई-बाप घेऊन जायचे. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर, आया विड्या वळणाऱ्या. मी मूळची मंद्रूपची, लग्न होऊन शहरात आलेली. माझ्या जोडीला एक मावशी होत्या, साठीच्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या. याच डाईंगच्या अंगणात त्यांनी तरुणपणी ओल्या सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या. मुलं मला अक्का म्हणायची आणि त्यांना मावशी.

आमच्याकडे चौतीस मुलं होती. खेळात मुलं अंगणात, शेडमध्ये, मागच्या मोरीकडे अशी पांगायची, म्हणून मी प्रत्येकाला एक नंबर दिला होता. शिट्टी वाजवली की जो जिथं असेल तिथून आपला नंबर ओरडायचा. एक, दोन, तीन... चौतीसपर्यंत साखळी पुरी झाली की माझा जीव भांड्यात पडायचा. आल्यावर, खाऊच्या आधी, खाऊनंतर आणि घरी सोडण्याआधी, अशी चार वेळा साखळी व्हायची.

सतरा नंबरची मुलगी नऊ वर्षांची होती. किरकोळ अंगाची, दोरीवरच्या उड्यांत सगळ्यांना मागे टाकणारी. दिवाळीनंतर तिची आई तिला घेऊन तेलंगणात माहेरी गेली, तिकडेच राहायचं ठरलं. मी तिचा नंबर कुणाला दिला नाही. मुलांना सांगितलं, सोळानंतर सरळ अठरा म्हणा.

मार्गशीर्षातली गोष्ट. साडेसहाला अंधार पडला होता आणि लाईट गेली. आमच्या भागात लाईट गेली की अंधारापेक्षा शांततेनेच आधी दचकायला होतं. दिवसभर चारी बाजूंनी मागांचा खटखटाट चालू असतो, कानाला त्याची इतकी सवय की तो ऐकूही येत नाही. तो सगळा एका क्षणात थांबतो.

मी मोबाईलची बॅटरी लावली आणि शिट्टी वाजवली. "एक." "दोन." साखळी नीट चालली होती. "पंधरा." "सोळा."

"सतरा."

"अठरा," पुढच्या मुलाने म्हटलं आणि साखळी तशीच पुढे गेली.

कुणीतरी चावटपणा करतंय असं मला वाटलं. लाईट आल्यावर मी विचारलं, "सतरा कोण म्हणालं?" सगळे कोपऱ्याकडे बघायला लागले. शेडभर शहाबादी फरशी होती, पण उत्तरेच्या कोपऱ्यात खाटेएवढा चौकोन गुळगुळीत सिमेंटच्या कोब्याचा होता. दोरीच्या उड्या तिथंच चालायच्या.

"अक्का, ती रोज म्हनती की," सहा वर्षांचा एक पोरगा म्हणाला. आमच्यातला सगळ्यात लहान तोच. "तुमाला मागाच्या आवाजात ऐकू येत न्हाय."

त्याच्या आवाजात भीती अजिबात नव्हती. नळाला पाणी आलं म्हणावं तसं तो सांगत होता.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्या कोपऱ्यात उभी राहिले. माग चालू होते. "सोळा" झालं, आणि त्या सगळ्या खटखटाटाच्या खालून, बारीक, दबलेला, पण स्वच्छ आवाज आला. "सतरा." माझ्या पाठीमागे भिंत होती. भिंतीला खिडकी नव्हती. मी मुलांचे ओठ बघत होते, आणि एकाचेही हलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि साखळी घेतली. सोळा, अठरा. मधे काही नाही. परत आत नेलं. सोळा, सतरा, अठरा. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मावशी, इथं पूर्वी काही झालं होतं का? एखादं मूल वगैरे?"

"हितं कोन मेलं न्हाय बाई," त्या म्हणाल्या. "मीबी लई आठवून बघितलं. कोनच न्हाय."

एखादी जुनी हकीकत निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. काहीच नव्हतं, आणि तरी तो आवाज होता.

त्या रात्री मनात नको ते येत होतं. सकाळी उठल्या उठल्या मी त्या मुलीच्या आईला फोन लावला. मुलगी बरी आहे ना, एवढंच विचारायचं होतं.

"चांगली हाय की अक्का. शाळेत घातली हितं. थांबा, देते."

मुलगी फोनवर आली. तिचा आवाज ऐकून मला रडूच फुटलं. मी उगीच अभ्यासाचं विचारलं. ती म्हणाली, "अक्का, माझा नंबर कुनाला दिला का?"

"नाही गं."

"देऊ नका," ती म्हणाली. "मी रोज म्हनते हितं. साडेसहा वाजले की."

मी फोन ठेवला. लहान पोर, जुन्या सवंगड्यांची आठवण येते, म्हणत असेल. मी स्वतःला असंच सांगितलं आणि कामाला लागले. पण त्या दिवसापासून साडेसहाला माझं घड्याळाकडे लक्ष जायला लागलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी खाऊच्या वेळी तो सहा वर्षांचा पोरगा दिसेना. साखळी घ्यायच्या आधीच मला तो कोपऱ्यात सापडला. पालथा पडून, एका डोळ्याने खाली बघत, एकेक शेंगदाणा जमिनीत टाकत होता.

"काय करतोयस?"

"तिचा वाटा."

मी गुडघ्यावर बसले. कोब्याच्या कडेला बोटभर रुंदीची भेग होती. उड्यांच्या दोऱ्यांचा डबा नेहमी तिथंच असायचा, म्हणून मला कधी दिसली नव्हती. मी गाल खाली टेकवला. भेगेतून गार हवा येत होती. एकसारखी नाही. येत होती, थांबत होती, परत येत होती. जुन्या रंगाचा आंबूस वास होता. पोराने आणखी एक शेंगदाणा टाकला. मी श्वास रोखला. बराच वेळ काही नाही. मग खूप खालून आवाज आला, टुप्प.

खाली पाणी होतं.

त्याच क्षणी माझ्या मागे दोन मुली दोरी घेऊन आल्या आणि कोब्यावर उडी मारायला लागल्या. माझ्या गालाखाली जमीन हलली. ढब, ढब. हा आवाज मी तीन महिने ऐकत होते. मुलांना तो आवडायचा म्हणूनच तिथं उड्यांना झुंबड उडायची. आणि फरशीच्या सांध्यात पाय अडकतात, इथं सपाट आहे, इथंच खेळा, हे मीच त्यांना सांगितलं होतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर सगळी मुलं काय झालं बघायला तिथंच धावली असती. मी उठले, त्या पोराला कडेवर घेतलं, त्या दोघींना पुढे घातलं आणि म्हटलं, "चला, आज अंगणात गंमत आहे." सगळे बाहेर आल्यावर शिट्टी वाजवली. साखळी पुरी झाली, मग मी दाराला कुलूप घातलं. किल्ली मावशींनी फिरवली.

"खाली काय आहे मावशी?"

त्या खाली बसल्या. "हौद हुता. रंगाच्या पान्याचा. आमाला बायकांना आत येऊ देत नव्हते. बुजवला म्हनून सांगितलं हुतं बाई, बंद करताना."

मी संस्थेच्या सचिवांना फोन केला. ते म्हणाले, "बाई, तीन महिने काही झालं नाही. संक्रांत होऊ द्या, गड्ड्याच्या जत्रेची गडबड संपली की माणूस पाठवतो. तोवर कोपऱ्यात बाकडं ठेवा."

"मी मुलं आत घेणार नाही, सर."

"आणि ते भुताचं काय चाललंय? मुलं घरी जाऊन सांगतायत. असल्या अंधश्रद्धा आपण पसरवायच्या का?"

दुसऱ्या दिवसापासून मी खेळघर जवळच्या मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरवलं. थंडी होती, समोर रस्ता होता. मी आणि मावशी मंडपाच्या दोन टोकांना उभ्या राहायचो, बसायचो नाही. एक बाई पोरीला न्यायला आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "भुताला भिऊन पोरं रस्त्यावर आनली व्हय तुमी?" मी सांगितलं, भूत नाही, हौद आहे. तिचा विश्वास बसला नाही. आठवड्यात अकरा मुलं यायची थांबली.

शेवटी रविवारी सकाळी मी ओळखीच्या गवंड्याला घेऊन गेले. सचिवही आले, मला खोटं पाडायला आले असावेत. गवंड्याने आम्हाला दारापाशी थांबवलं. स्वतः कमरेला दोर बांधला, त्याचं दुसरं टोक बाहेरच्या खांबाला, आणि कडेला उभं राहून पहार मारली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा पहारेचा नीट घाव बसलाही नव्हता, तेवढ्यात अख्खा चौकोन मधोमध मोडून आत गेला. मोठा आवाज झाला, आणि मग पाण्याचा, भिंतींना आपटत राहिलेला. सचिवांचा चेहरा पांढरा पडला.

"सळ्या बघा," गवंडी म्हणाला. तुटलेल्या काठाला त्या लोंबत होत्या. त्याने एक बोटांनी चुरली, ती भुग्यासारखी हातात आली. "वरचा कोबाच धरून हुता सगळं. आनि ही पोरं वर नाचत हुती?"



आत शाईसारखं काळंनिळं पाणी होतं. बारा फुटी बांबू तळाला लागला नाही. पाणी उपसायला दोन दिवस लागले. मी दोन्ही दिवस तिथं उभी होते. घरचे म्हणाले, तुझं काय काम तिथं? मला सांगता येईना. ती मुलगी सुखरूप आहे हे मी कानांनी ऐकलं होतं. चौतीसातलं एकेक मूल कुठे आहे हे मला माहीत होतं. तरीसुद्धा पाणी खाली जायला लागलं तशी माझी नजर तळावरून हटेना. शेवटी गाळ दिसला. गोट्या, एक पेन्सिल, फुगलेले शेंगदाणे, गंजलेली शिडी. बाकी काही नव्हतं. मी गवंड्याला सगळा गाळ वर काढून दाखवायला लावला. त्याने न कुरकुरता दाखवला. मग मी अंगणात जाऊन बसले आणि पोटभर रडले.

हौद मुरमाने भरला, वर नवा कोबा घातला. आवाजाबद्दल गवंडी म्हणाला, पोकळीत आवाज घुमतो, सोळाचाच उलटून सतरासारखा ऐकू येत असणार. असेल. इंजिनिअर असलेल्या माझ्या भाच्यालाही मी विचारलं, त्यानेही तेच सांगितलं. मी वाद घातला नाही.

मुलं परत शेडमध्ये आली त्या संध्याकाळी मी साखळी घेतली. सोळा. मग मागांचा खटखटाट. मग अठरा. तो सहा वर्षांचा पोरगा एकदम रडायला लागला. "अक्का, ती गेली," म्हणाला. मी त्याला जवळ घेतलं. माझंही अंग शहारलं होतं, पण ते आवाज गेल्यामुळे की आवाज नसतानाही मी तो ऐकायला थांबले होते म्हणून, हे मला आजही ठरवता येत नाही.

न येणारी अकरा मुलं एकेक करून परत आली. ती देवळात बोलणारी बाई पहिल्याच दिवशी आली. पोरीचा हात माझ्या हातात दिला आणि गेली. सचिवांनी आमच्या सगळ्या जागा इंजिनिअरकडून तपासून घेतल्या. हे त्यांनी मनापासून केलं. शाळेमागे नवं खेळघर काढायचं होतं, ती जागाही आधी मी बघून यावी असं म्हणाले.

एक दिवस मुलं गेल्यावर मावशी झाडू हातात धरून म्हणाल्या, "बाई, मी काम सोडते."

"का?"

"हौद हाय म्हाईत हुतं मला. बुजवला म्हनले, मी इचारलं न्हाय. एकदाबी न्हाय."

मी म्हटलं, "उड्या तिथं मारा म्हणून मी सांगितलं होतं, मावशी. कोबा का वेगळा आहे, हे मीही विचारलं नाही."

बाहेर माग चालू होते. मग त्यांनी राहिलेला अर्धा भाग झाडला, चपला घातल्या आणि विचारलं, "उद्या ती शाळेमागची नवी जागा बघायला जायाचं म्हनलाव न्हवं? किती वाजता यिऊ?"

"दहाला या," मी म्हटलं. "उजेडात बघू."