शाळेच्या मागच्या दाराचं चित्र

परभणीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी चित्रं काढते, अजून न बांधलेल्या इमारतींची. समोर कागद नसतो, पाण्याचा मग नसतो. एक काचेची पाटी आणि एक पेन. तरी बघणाऱ्याला चित्र जलरंगातलंच वाटलं पाहिजे. आधी नकाशावरून इमारत रेघांनी उभी करायची. रेघा फिक्या करून तळाशी ठेवायच्या. वर खडबडीत कागदाचा पोत चढवायचा आणि मग रंगाचे पातळ थर द्यायचे, एकावर एक, खालचा वरच्यातून दिसत राहील असे. आभाळ ओलं असतानाच झाडाचा हिरवा त्यात सोडला की तो पसरतो. खरं तर स्क्रीनवर काहीच ओलं नसतं. तरी पसरतो.

सगळ्यात अवघड असतात चित्राच्या कडा. आमचे आर्किटेक्ट सर म्हणायचे, "अगं, टोकापर्यंत रंगवू नकोस. चित्र कडेला विरघळू दे. डोळा इमारतीवर राहतो." ते मला लवकर जमलं. फार चांगलं जमलं.

मागच्या वर्षी आमच्या गावच्या शाळेचं काम ऑफिसात आलं. गाव पोखर्णीच्या रस्त्याला आहे. शाळा जुनी, पत्र्याची. ती पाडून दुमजली बांधायची होती. शाळेच्या पाठीमागे आमची वस्ती. मधे भिंत आणि भिंतीत एक दार.

ते दार माझ्या वडिलांनी मिळवलेलं. ते मानवतला एका छापखान्यात कामाला होते. उरलेल्या गुलाबी, पिवळ्या कागदांवर पत्रकं छापून आणायचे. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'कमळ' वाचायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. चित्रंही मी पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवरच काढायची. मी जन्मायच्या आधी ती भिंत सलग होती. शाळा पाठीला लागून, तरी वस्तीतल्या पोरांना नाल्यावरून, पाटलांच्या आळीतून, मोठ्या रस्त्याने फिरून जावं लागे. वडिलांनी एक पत्रक काढलं. मथळा एवढाच होता: 'आमच्या लेकरांनाच वळसा का?' वर्षभर तेच पत्रक पुन्हा पुन्हा वाटलं. शेवटी भिंत फोडून बाभळीच्या फळ्यांचं दार बसलं. वाळवी लागू नये म्हणून वडील दर उन्हाळ्यात त्याला डांबर फासायचे. मग पावसाळा लागेपर्यंत आम्हा पोरांचे तळहात काळे. बाई विचारायच्या, "मागून आलात वाटतं?" आम्ही हात वर करून दाखवायचो.

वडील जाऊन सहा वर्षं झाली. आई त्याच शाळेत खिचडी शिजवते. गुडघे गेलेत तिचे. पण दारातून चाळीस पावलांवर चूल, म्हणून चाललं होतं.

नकाशा माझ्यासमोर आला तेव्हा मी तो नीट बघितला. हे लपवणार नाही. मागच्या बाजूला एक काळी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न तुटलेली. माझ्या लक्षात आलं की इथे काहीतरी राहिलंय. पण ती चित्राची उजवी कड होती आणि कडा विरघळवायच्याच असतात. मी तिथे एक कडुनिंब सोडला, त्यावर पाण्याचा हात फिरवला आणि भिंत पांढऱ्यात जिरवून टाकली. सर म्हणाले, "वा! आजवरचं सगळ्यात छान."

चित्र फ्लेक्सवर छापून ग्रामसभेत लावलं. मीही गेले, मिरवायलाच गेले.

"आरं, ही आपली शाळा हाय का परभणीचं कॉलेज?"

"मास्तर, यात पायरीवर हुबे तुमीच ना? लय गोरे दिसायलात की!"

"खिचडीवाल्या मावशीच्या पोरीनं काढलंय म्हणं. मावशे, आता तुला चूल बी रंगीत भेटणार!"

आईही हसत होती. हसत हसतच ती फ्लेक्सजवळ गेली. तिला नकाशा कळत नाही, पण शाळा कळते. तिने चुलीची जागा शोधली आणि तिथून बोट हळूहळू उजवीकडे नेलं, रोजची वाट चालावी तसं. बोट कडुनिंबापाशी थांबलं.

"माय, हितं काय हाय?" तिने मला विचारलं.

"झाड आहे."

"झाडाच्या मागं?"

"काही नाही गं. तिथं रंग संपतो."

"रंग संपतो म्हंजी? मग म्या कुठून येऊ?"

सरपंच पुढच्या विषयावर गेले होते. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. दुसऱ्यांनी आम्हा वस्तीवाल्यांना कसं पुसलं यावर मी वर्तमानपत्रात चार लेख लिहिलेत. या वेळी पुसणारा हात माझा होता, आणि त्या हाताचं कौतुक झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी तीच शाळा पुन्हा काढायला घेतली, पण मनाने उभी राहिले वस्तीच्या बाजूला, आमच्या अंगणात. तिथून शाळा दिसत नाही. दिसते भिंत, आणि तिच्या वर दुसऱ्या मजल्याची खिडक्यांची एक ओळ. या वेळी झाड नाही, ओल नाही. कोरड्या ब्रशने, टोकापर्यंत, कडा धारदार ठेवून भिंत रंगवली. खाली एक बाई काढली, डोक्यावर पातेलं घेतलेली, भिंतीकडे तोंड केलेली.

सर मागे येऊन उभे राहिले. "मागच्या बाजूचं चित्र कुणी काढतं का?"

"मागे राहणारे काढतात."

"हे बघ, दार मी काढून टाकलं नाही. गावाकडून आलेल्या यादीत कुणी मागितलंच नव्हतं."

"मागणारा वारला, सर."

त्यांनी नकाशा उघडला आणि मागच्या काळ्या रेघेवर बोट ठेवलं. म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव आणा. रेघ तोडायला मला एक मिनिट लागतं."

मी ते चित्र काळ्या-पांढऱ्यात छापलं, खाली वडिलांचाच मथळा टाकला. दुसरा मला सुचला नाही आणि नकोही होता. वस्तीत वाटलं, पाटलांच्या आळीतही वाटलं. पुढच्या ग्रामसभेत एक जण कुरकुरला, "पह्यलंच चित्र बरं व्हतं." त्यावर शाळेत तिसरीला असलेल्या एका मुलीची आजी उठली. "बरं व्हतं तर घरात लाव. आमचं लेकरू काय चित्रातून जाईल व्हय?" लोक हसले. त्या हसण्यातच ठराव झाला.

आता शाळा उभी आहे. मागे दार आहे, लोखंडी, करड्या रंगाचं, जुन्या जागेपासून दहा पावलं नाल्याकडे. ते बघायला गेले तेव्हा मी आधी जुन्या दाराची चौकशी केली. त्याचा एकही फोटो नाही आमच्याकडे. फळ्या समोर ठेवून चित्र काढायचं, डांबराच्या काळ्यात कुठे कुठे तांबूस डोकावायचं तो रंग पकडायचा, असं मनात होतं. आठवणीतून करून बघितलं होतं. चित्रात दार ओलं दिसत होतं, पण हात काळे करणारं वाटत नव्हतं.

"फळ्या कुठं गेल्या, आई?"

"चुलीत. बांधकामात ग्यास बंद व्हता चार दिस. लय झकास पेटल्या, डांबर व्हतं ना."

"सगळ्या?"

"दीडशे लेकरं जेवली त्याच्यावर. तुजे बाप असते तर त्यांनीच फोडून दिल्या असत्या."

असत्या. मला माहीत आहे. मला दार हवं होतं, ते मिळालं, पण मला ते जुनंच दार हवं होतं, डांबराचं, उन्हात तापलेलं, ज्याच्या पलीकडे वडील हातात कुंचा घेऊन म्हणतील, "थांब, अजून वाळलं न्हाई." नव्या दाराला मी तळहात टेकवला. गार होतं. हात स्वच्छच राहिला.

आई आतून पातेलं घासत ओरडली, "येतीस का तिथंच हुबी ऱ्हातीस? आन् येताना कडी लाव, कुत्री शिरत्यात."

मी आत गेले आणि कडी लावली.