दसऱ्याला रुसलेला चोक

मला गाडीतलं कळतं, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मलाच माहीत आहे.

आमची गाडी म्हणजे माझ्या वडिलांनी, आण्णांनी, ऐन उमेदीत घेतलेली गोल बोनेटची पांढरी गाडी. (पांढरी म्हणायचं ते आता सवयीनं.) असल्या जुन्या गाडीत डॅशबोर्डावर चोकची एक मूठ असते. इंजिन गार असलं की ती ओढायची. मग कार्बुरेटरमधली झडप मिटते, हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जातं आणि गाडी सुरू होते. इंजिन तापलं की मूठ परत आत ढकलायची. बस्स! एवढं मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो, आणि तेवढ्यावरच थांबायला हवं होतं.

दर दसऱ्याला आण्णा ह्याच गाडीतून जळकोटहून सास्तूरला जातात, आपल्या थोरल्या बहिणीला सोनं द्यायला. तिला आम्ही सगळेच आक्का म्हणतो. त्र्याण्णवच्या भूकंपात आक्काचं घर पडलं, त्या सकाळी लेकरांना कवटाळून रस्त्यावर बसलेल्या आक्काला मदतीचा पहिला आवाज ऐकू आला तो ह्या गाडीचा. आण्णा पोचले होते. तेव्हापासून दसऱ्याला आक्का दारात खुर्ची टाकून बसते. आता तिला नीट दिसत नाही, पण गाडीचा आवाज आल्याशिवाय ती ना ओवाळणीचं ताट करू देते, ना कुणाला जेवायला वाढू देते.

तर गेल्या दसऱ्याची गोष्ट. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतात. पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, कोयता आणि बायकोची विळीसुद्धा. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोनं लुटेपर्यंत कशालाच हात लावायचा नाही. (भेंडीसुद्धा हातानं मोडून करतात. चव बरी लागते.) मी गाडीचीही पूजा केली. आणि नुसती चाकांची नव्हे! बोनेट उघडलं, एअर फिल्टर काढून ठेवला आणि कार्बुरेटरवर हळद, कुंकू, झेंडू, अक्षता, सगळं यथासांग वाहून फिल्टर परत बसवला.

"अवो, आत कशाला टाकताय?" बायको, म्हणजे सुनंदा, म्हणाली.

"गाडीचं काळीज आहे ते. तुला न्हाय कळायचं."

दसऱ्याला दुपारी आण्णा नवा फेटा बांधून पुढच्या सीटवर बसले. मी चोक ओढला. गाडी सुरू झाली. चोक आत ढकलला, तर जाईना! इंजिन खोकलं, मागून काळा धूर सोडला आणि बंद पडलं. मी मूठ जरा जोरात ओढली. ती तारेसकट माझ्या हातात आली.

"हे काय?" आण्णांनी विचारलं.

"चोक."

"तो हातात घ्यायचा असतो व्हय?"

मी शिवाप्पा मिस्त्रीकडं पळालो. नवं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून तो गॅरेजच्या दारात बसला होता. आत पाटावर पाने झेंडूखाली गाडले गेले होते.

"दादा, सोनं लुटल्याबिगर म्या पान्याला हात लावत न्हाय. संध्याकाळी या की."

"संध्याकाळी सास्तूरला पोचायचंय रे!"

"मग तितनं फोन करा," तो मोठ्या मायेनं म्हणाला.

घरी आलो तर शेजारचे भाऊसाहेब आपल्या नव्याकोऱ्या गाडीची किल्ली घेऊन उभे. "आण्णा, माझ्या गाडीतनं चला. एसी बी हाय."

आण्णा जागचे हलले नाहीत. "आक्काला ह्या गाडीचा आवाज ऐकू यायचा न्हाय, भाऊसाहेब. ती बसंल तशीच, उपाशी." आणि मग हळूच माझ्याकडं बघून म्हणाले, "लई वय झालंय रं तिचं. अजून किती दसरे?"

मी बाह्या सारल्या. फिल्टर हातानं निघाला. आत कुंकवाचा नुसता चिखल झालेला, आणि त्याखाली झडप घट्ट मिटलेली. सुनंदानं आणलेल्या चमच्याच्या दांड्यानं (चमच्याची पूजा झालेली नव्हती, हे तिनं दोनदा सांगितलं) मी झडप दाबली. ती जराशी उघडली. चमचा काढला, परत मिटली! मग सुनंदानं दोरीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा काढून दिला. तो फटीत बसवला आणि गाडी सुरू झाली!

झडप अर्धवटच उघडी, त्यामुळं धूर असा, की मागं हायवे आहे की नाही तेच दिसेना. फिल्टर बसायला जागा नव्हती, म्हणून तो मागच्या सीटवर सुनंदाच्या मांडीवर. चढ आला की गाडी गुदमरायची आणि आण्णा डॅशबोर्ड थोपटायचे, "चल गं माय, चल." एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ, पेटली की तुमची गाडी!" सास्तूरच्या पारावर तर एकानं विचारलंच, "रावण संगट घिऊन आलाव का?"

दारात खुर्चीवर आक्का. आमची गाडी उचक्या देत, फटाके फोडत थांबली. मला वाटलं, संपलं. हा आवाज काय ओळखणार ही!

आक्का उठली. "आला माझा भाऊ! सुनबाई, ताट आण." मग बोनेट चाचपत म्हणाली, "हिला खोकला झालाय व्हय रं?"

आण्णांनी तिच्या हातात सोनं ठेवलं. दोघं म्हातारी एकमेकांना धरून उभी राहिली, आणि खरं सांगतो, त्या खटाऱ्याचे, त्या चिमट्याचे, भेटेल त्याचे पाय धरावेत असं मला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. (धुरानंही आलं असेल, पण सगळं धुरानं नव्हे.)

सोनं लुटून झालं, म्हणजे आता हत्यारं मोकळी! आक्काच्या घरचा स्क्रूड्रायव्हर घेऊन मी सगळ्यांना बोनेटभोवती गोळा केलं. "जुन्या चोकचा हा मूळचाच दोष असतो बघा," असं म्हणत झडपेच्या कोपऱ्यात टोक घातलं. टचकन काहीतरी उडालं आणि झडप लोण्यासारखी फिरायला लागली. सुनंदानं ती वस्तू उचलली, तळहातावर घेतली. पिवळाधमक तांदळाचा दाणा!

"ही तर आपल्याच घरची अक्षता. काल हळद जरा जास्त झाली होती माझ्याकडनं."

मग आक्कानं विचारलं, "गाडीचं लगीन लावलंस का रं?"

आण्णा इतके हसले की फेटा सुटला. आक्का हसली, आण्णांचे भाचे हसले, ज्यांना चोक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तेही हसले. येताना गाडी अशी पळाली, जणू नवीच!

ह्या खंडेनवमीला मी पुन्हा बोनेट उघडायला गेलो, तर आण्णांनी हात धरला. पूजा सुनंदानं केली, लांबूनच, फक्त चाकांची. अक्षता उरल्या, तेव्हा तिनं आण्णांना विचारलं, "ह्या कुठं टाकू?"

"टाक त्याच्याच डोक्यावर," आण्णा म्हणाले. "तितं अडकून बिघडण्यासारखं काय बी न्हाय."