उघड्या पाठीचा पाचू

रेवदंड्यात शिवदास सोनार गिऱ्हाईकाला समोर बसू देत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इतर सोनारांकडे दागिना मोडायला नाहीतर घडवायला टाकला की घरचं कुणीतरी सोनाराच्या पुढ्यात बसून राही. सोनं डोळ्यांदेखत वितळलं, खडे डोळ्यांदेखत बसले, की मगच उठे. शिवदास मात्र म्हणायचा, "जडाईच्या कामाला समोर माणूस बसलं की माझा हात चालत नाही. विश्वास असेल तर ठेवून जा." त्याच्या वडिलांनी आणि त्यानं आजवर इतकं चोख काम केलं होतं की लोक ठेवून जात.

हात चालत नाही, हे खोटं नव्हतं. शिवदासला कंपवात झाला होता. आधी चहा पिताना बशी वाजायची, मग जेवताना घास तोंडापर्यंत जाईना. एका नथीत माणिक बसवताना हातातली सलई सटकली आणि डाव्या अंगठ्यात घुसली. माणिक घरंगळत गेलं. शिवदास भिंतीकडे तोंड करून बसून राहिला. त्याची बायको केसर लग्न होऊन आल्यापासून त्याच्यासमोर बसून फुंकणी फुंकत आली होती, सोन्याचा कीस टिपत आली होती. तिनं जमिनीवरून माणिक उचललं, पुसलं आणि नथ आपल्याकडे ओढून घेतली. बऱ्याच वेळानं शिवदासनं मागं न वळता विचारलं, "बसलं?"

"बसलं," केसर म्हणाली.

तेव्हापासून घरातली सगळी जडाई केसर करू लागली. माजघराच्या पूर्वेकडच्या खिडकीशी तिची जागा. बाहेर ओटीवर शिवदास रिकाम्या ऐरणीवर हातोडी वाजवत बसे, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, शेट कामात आहेत. विहिरीवर बायका जमल्या की केसर बोटं पदरात लपवायची, कारण गरम लाखेचे चटके बसून बोटांची टोकं काळी पडली होती. दाराची कडी वाजली की हातातलं काम फडक्याखाली जाई आणि पुढ्यात निवडायच्या तांदळाचं सूप येई. बायकोनं जडवलेले दागिने नवऱ्याच्या नावावर खपवतात, असं एकदा बाहेर फुटलं असतं तर पुन्हा कुणी दारात आलं नसतं.

मिठाच्या सत्याग्रहाच्या पुढच्या साली दिवेआगरच्या आवडाबाई मुलीच्या लग्नाच्या तयारीसाठी रेवदंड्याला आपल्या भावाकडे, हरेश्वरकडे, येऊन राहिल्या. स्वतःची सुपारीची वाडी राबवणारी बाई, आवाज खणखणीत. भावाला घेऊनच त्या शिवदासच्या ओटीवर आल्या आणि त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत एक तन्मणी होता. मोत्यांच्या सरांत मधोमध जडावाचं खोड म्हणजे पदक, त्यात एक टपोरा पाचू, कडेनं हिरे आणि माणकं. सोबत कानांतल्या पाचूच्याच दोन कुड्या.

"हा माझ्या सासूचा," आवडाबाई म्हणाल्या. "आमच्या कमळचं लगीन मुंबईला ठरलंय. तिकडं आता असला बंद जडाव कुनी घालीत न्हाय म्हनं. खड्याची पाठ उघडी पायजे, उजेड आरपार जायला पायजे. तसं नव्या तऱ्हेचं करून द्या. कुड्यांना हात लावू नका, त्या नुसत्या उजळून द्या."

हरेश्वर मध्येच बोलला, "खडे आमी नीट बघून ठेवल्यात हां, शेट."

"बघायलाच हवेत," शिवदास म्हणाला. दोन्ही हात त्यानं मांडीखाली दाबून धरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं खिडकीत आली तशी केसर कामाला बसली. जुन्या पद्धतीत खड्याला सोन्याच्या बंद घरात बसवत आणि खाली चकचकीत रंगीत वर्ख घालत. त्याला डाक म्हणत. खाली लाख, लाखेवर डाक, डाकेवर खडा आणि कडेनं शुद्ध सोन्याचं कुंदण. तिनं आधी हिरे सोडवले, मग माणकं. ती जशी दिसत होती तशीच बाहेर आली. मग तिनं पाचूच्या कडेचं कुंदण टोकदार पोलादी कलमानं अलगद उचललं, खोड मागून जरासं शेकलं आणि खडा चिमट्यात धरून बाहेर घेतला.

चिमट्यातला खडा तिनं उजेडात फिरवून फिरवून पाहिला. खोडात असताना तो विड्याच्या पानासारखा गर्द हिरवा होता. आता चिमट्यात होता तो शहाळ्याच्या पाण्यात हिरवं काही बुचकळून काढावं तसा. पाठीला जाळीसारख्या बारीक रेषा. सगळा हिरवा रंग खाली डाकेत राहिला होता.

"अहो," तिनं हाक मारली. "जरा आत या."

शिवदासनं खडा उजेडात धरायला सांगितलं, कारण त्याच्या हातात तो ठरला नसता. त्यानं वाकून पाहिलं, जिभेला लावून पाहिला, पुन्हा पाहिलं. "पाचूच आहे," तो म्हणाला. "काच नव्हे. पण हा पाहून ती बाई काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येतंय."

"आपण बदलला म्हणेल."

"भाऊ तर म्हणेलच. वर म्हणेल, म्हणूनच समोर बसू देत नाही."

केसर भिंतीला टेकून बसली. आजवर ज्या सबबीनं घर चाललं होतं, तीच आता गळ्याशी आली होती. शिवदास हळूच म्हणाला, "पाठीला हिरवा रंग चढवता येईल. जातिवंत रंग आहे माझ्याकडे. वरून कळणारसुद्धा नाही."

केसरच्या मनात ते आलं नव्हतं असं नाही. पण तिच्या डोळ्यांसमोर मुंबईतलं लग्नघर आलं. उकाडा, नवरीच्या गळ्याला आलेला घाम, आणि शालूवर उतरलेला हिरवा ओघळ. "उघडी पाठ आहे," ती म्हणाली. "अंगाला लागणार. रंग सुटला की पोरीला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. ते नको."

"मग?"

"कुड्या आहेत ना. दोन्ही दागिने एकाच हातचे दिसतात. त्यांच्यासमोर एक कुडी उघडायची. तिच्यातला पाचूही असाच निघाला, तर त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल."

"आणि कुडीतला चांगला निघाला तर?"

केसरनं चूल पेटवली, भात केला, पण एक शीतही तिच्या तोंडात गेलं नाही. कुड्या हातात घेऊन तिनं कितीदा तरी पाहिल्या. दोन्ही गर्द हिरव्या. वर्ख बोलतोय की खडा, ते बंद घरात कुणालाच सांगता येत नाही. गुपचूप एक उघडून बघावी, असंही एकदा तिच्या मनात आलं. पण मग दाखवायला काय उरलं असतं?

दुपार कलल्यावर शिवदासनं बोलावणं पाठवलं, तसे आवडाबाई आणि हरेश्वर आले. केसरनं पांढऱ्या फडक्यावर सगळे खडे मांडून ठेवले होते. पुढं काय होणार ते कळत असूनही शिवदासनं फडकं त्यांच्यापुढं सरकवलं.

आवडाबाई वाकल्या. त्यांचं बोट हिऱ्यांवरून, माणकांवरून फिरलं आणि पाचूपाशी थांबलं. "ह्यो कुनाचा?"

"तुमचाच," शिवदास म्हणाला. "खाली डाक होती, तिचा रंग होता तो."

"ह्यो आमचा न्हाय!" हरेश्वर उठून उभाच राहिला. "आमी काय आंधळे हाव? म्हनून बसू देत न्हाय व्हय तुमी कुनाला? चल गं आवडे, चार मानसं बोलावून आनू."

रस्त्यावरची दोन माणसं आवाज ऐकून थबकली. केसर दाराआड उभी होती. ती उंबरा ओलांडून बाहेर आली. "आवडाबाई, तुमची कुडी उघडायची परवानगी द्या. तुमच्यासमोर उघडते... उघडतो. तिच्यातला खडा कसा निघतो ते तुम्हीच बघा."

आवडाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "आनि खडा फुटला तर?"

"फुटू शकतो," केसर म्हणाली. "पाचू नाजूक असतो."

"खोटं तरी बोलत न्हाईस," आवडाबाई म्हणाल्या. "उघडा शेट."

शिवदासनं कलम उचललं. त्याला वाटलं असेल, एवढं एक कुंदण तरी उचलता येईल. पण कलमाचं टोक पाटावर टकटक आपटायला लागलं आणि थांबेचना. शिवदासनं डाव्या हातानं उजवा हात धरला, कलम खाली ठेवलं आणि कुणाकडेही न पाहता म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही. कधीपासूनच होत नाही. लोक माझं म्हणून नेतात ते काम हिचं असतं. म्हणून बसू देत नव्हतो. खडे बदलायला नव्हे."

केसरच्या कानात नुसता समुद्र गाजत होता. आता लपवायला काही राहिलं नव्हतं. ती शिवदासच्या जागेवर बसली, कुडी लाखेच्या गोळ्यात रोवली आणि कलम हातात घेतलं.

कुंदण जुनं, घट्ट बसलेलं. ते सोडवताना जरा जरी दाब चुकला असता तर खड्याची कड उडाली असती. सगळ्यांच्या नजरा आपल्या बोटांवर आहेत, हे तिला पाठीच्या कण्यात जाणवत होतं. कुंदण सुटलं. तिनं कुडी शेकली, चिमटा लावला आणि खडा उचलून फडक्यावर ठेवला.

खडा गर्द हिरवा होता.

"बघा!" हरेश्वर ओरडला. "बघा लोकहो! ह्यो बघा खरा पाचू!"

शिवदासनं डोळे मिटून घेतले. आपणच आपल्या हातानं गळ्यात धोंडा बांधला, एवढंच केसरला कळत होतं. तरी सवयीनं तिचं बोट खड्यावर गेलं, आणि पाठ बोटाला खरखरीत लागली. पाचूची पाठ अशी लागत नाही. तिनं खडा उलटा केला. लाखेचा पापुद्रा आणि त्यासकट डाक खड्याला चिकटून आली होती.

"थांबा," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "आवडाबाई, जवळ या. अगदी जवळ."

सलईच्या टोकानं तिनं पापुद्रा कडेनं उचलला. उकडलेल्या बटाट्याचं साल सुटावं तसा तो सुटत गेला, आणि जिथून सुटला तिथून रंग निघून गेला. आधी एक कोपरा फिकट झाला, मग अर्धा खडा, मग सगळा. फडक्यावर आता शेजारी शेजारी दोन फिके पाचू पडले होते, आणि सलईच्या टोकाला हिरवागार वर्ख लटकत होता.

हरेश्वर खाली बसला. आवडाबाईंनी दोन्ही खडे तळहातावर घेतले. केसरला वाटलं, आता या रडतील. पण त्या हसायला लागल्या, इतक्या की पदरानं डोळे पुसावे लागले.

"माझी सासू," त्या म्हणाल्या, "सनासुदीला ह्यो तन्मणी घालायची आनि मला म्हनायची, असलं पानी तुझ्या म्हायेरात कुनी बघितलं तरी हाय काय गो? उभा जलम मी ते ऐकून घेतलं. आनि ह्ये बघ तिचं पानी!" मग त्या गंभीर झाल्या. "पन पाचू खराच ना?"

"खराच. फिकट आहे, आत जाळी आहे. पण खरा."

"मग हाय तसाच बसव. उघडा. आनि मी हितं बसनार, तुझ्या समोर. काय शेट?"

शिवदासनं त्यांच्यासाठी पाट पुढं सरकवला.

त्या रोज सकाळी आल्या आणि पान लावत केसरसमोर बसल्या. चार सोन्याची नखं पाचूला कडेनं धरणार, पाठ मोकळी. जाळीदार खड्यावर नख दाबणं म्हणजे कच्च्या अंड्यावर बोट दाबणं. शेवटच्या नखाच्या वेळी केसरनं श्वास रोखला, तशी आवडाबाईंनीही सुपारी चघळायची थांबवली. नख बसलं. खडा शाबूत होता. केसर उठून परसात गेली आणि घटाघटा पाणी प्यायली.

हरेश्वरनं बातमी बाजारभर केलीच. चौलची काही जुनी घरं आपलं काम अलिबागला नेऊ लागली. बायकोच्या हातचं सोनं नको, असं म्हणणारे निघाले. शिवदास कितीतरी दिवस ओटीवर आला नाही. हातोडी बंद होती. त्या शांततेत केसरला ऐरणीच्या आवाजाची इतकी आठवण यायची की काम करता करता ती मध्येच थांबायची. मग एका सकाळी तो आपणहून माजघरात येऊन तिच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "त्या माणकाला थोडी डावी कूस दे. बघ, चमक उठेल." त्याची नजर अजून शाबूत होती. पुढं तसंच चाललं. तो बघायचा, ती बसवायची.

कमळच्या लग्नानंतर आवडाबाई परतताना वाटेत उतरल्या. केसरनं दारातच विचारलं, "काय म्हणाले तिकडे?"

"विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं. म्हनाल्या, रंग हलका हाय. कमळ म्हनाली, हलका हाय, पन लपवलेला न्हाय." पहिली कुडी केसरकडेच उघडी पडून होती; आवडाबाईंनी पिशवीतून दुसरी काढली. "ही बी उघड. दोनी सारख्या कर."

केसरनं ती उघडली आणि दोन्ही कुड्या नव्या पद्धतीनं जडवून दिल्या. हळूहळू दिवेआगर, काशीदकडून बायका येऊ लागल्या. पुरुष सोनारासमोर तासन् तास बसायला त्यांना अवघड वाटे, इथं त्या पाय पसरून बसत. शिवदास आणखी काही वर्षं जगला. तो गेल्यावर एकटी केसर जडाई करत राहिली. लोकांना वाटे, बाईला भीती ठाऊकच नाही. पण पाचू जडवायचा असला की त्या दिवशी सकाळी ती पाण्याच्या घोटाखेरीज काही घेत नसे, आणि शेवटचं नख बसेपर्यंत कुणाशी बोलत नसे.