अकरा गुंठ्यांचं उदाहरण

२००७ साली जान्हवी परभणीहून हिंजवडीत नोकरीला आली, तेव्हा तिला कुणी प्रोग्राम लिहायला दिला नाही. दुसऱ्यांनी पायथन भाषेत लिहिलेली जुनी मॉड्यूल्स, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे, उघडायचे, आत काय काय आहे ते बघायचं आणि सोबतच्या माहितीतली उदाहरणं चालवून पाहायची, एवढंच काम. उदाहरणात लिहिलेलं उत्तर आणि प्रत्यक्ष आलेलं उत्तर जुळलं, की पायथन गप्प बसतं. मी तिच्या शेजारी बसायचे आणि तिच्याच खोलीत राहायचे. मला असलं काम दिलं असतं तर मी आठवड्यात पळाले असते.

ही मात्र उदाहरणांचे प्रिंट काढून घरी आणायची. एका शुक्रवारी संध्याकाळी जमीन मोजणीच्या मॉड्यूलची पाळी होती. ते आमच्या टीम लीडनं, निषादनं लिहिलेलं. जान्हवीला नोकरीत कायम करायचं की नाही, हे सोमवारी तोच ठरवणार होता. सगळी उदाहरणं बिनबोभाट पास झाली होती. तरी जिन्यात बसून ती वाचत होती, "अकरा गुंठे, अकरा हजार चौरस फूट."

घरमालकीण गंगूबाई खालच्या पायरीवर लसूण सोलत होत्या.

"चुकतंय," त्या म्हणाल्या. "गुंठा म्हंजी तेहतीस फूट बाय तेहतीस फूट. एक हजार एकोणनव्वद. आपली ही जागा अकराच गुंठं हाय, पोरी. तुझ्या कागदानं त्यातला एक गुंठा गिळला की."

जान्हवीनं गुणाकार केला आणि तिचा चेहरा पडला. अकरा हजार नऊशे एकोणऐंशी. निषादनं आपलाच प्रोग्राम चालवून आलेलं उत्तर उदाहरणात चिकटवलं होतं. चूक चुकीशी जुळत होती, मग पायथन बोलणार कशाला?

"सोमवारपर्यंत गप्प बस," मी म्हटलं. मला खरंच भीती वाटत होती.

"मग मला कायम कशासाठी करायचं?" ती म्हणाली.

सोमवारी जान्हवीचा अहवाल वाचताना निषादचे कान लाल झाले. "अंदाजानं हजार टाकलं होतं. बदलायचं राहून गेलं," तो म्हणाला. "नवं उदाहरण तू लिही. उत्तर आधी हातानं काढ." मग तो तपासणाऱ्यांच्या रकान्यापाशी थांबला. तिथं दोन नावं होती. "गंगूबाई कुठल्या टीममध्ये आहेत?"

"त्या आमच्या घरमालकीण."

त्यानं नाव खोडलं नाही. खाली सही केली आणि संध्याकाळी जान्हवीला कायम केल्याचं पत्र दिलं.

ते पत्र तिनं गंगूबाईंना पूर्ण वाचून दाखवलं. लसूण बाजूला ठेवून त्यांनी ऐकलं.

"ते झ्याक झालं," त्या म्हणाल्या. "पण माझा गुंठा आला का माघारी?"

"आला, मावशी."